तोनकात्सू खायला जाताय? रोसु मागा, मधला तुकडा आधी उचला, सॉस बाजूला ठेवा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. पुण्याचं एक कुटुंब नोव्हेंबरात टोकियो, क्योटो, ओसाका असं फिरायला येतंय. विचारणाऱ्याला तोनकात्सू, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेलं जाडजूड पोर्क, एकदा तरी धड ठिकाणी खायचंय. बायको पोर्क खाते पण बीफला हात लावत नाही, आणि सोबत आई आहेत, त्या पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नेटवर दुकानांची नावं वाचून डोकं फिरलंय. तर कुठे जायचं, रोसु (पाठीचा, चरबीची पट्टी असलेला भाग) घ्यायचं की हिरे (आतला मऊ, चरबी नसलेला भाग), हजार येनच्या आणि चार हजार येनच्या ताटात खरंच फरक असतो का, आतून गुलाबी दिसलं तर परत पाठवायचं का, आणि आईंचं काय करायचं, असे प्रश्न आहेत.

मी टोकियोतल्या एका छोट्या तोनकात्सूच्या दुकानात तळणीवर उभा असतो. इथे सगळ्यांची सुरुवात होते तशीच माझी कोबीपासून झाली, मग मांस साफ करायला दिलं, मग पॅन्को लावायला आणि सगळ्यात शेवटी तेलासमोर. म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने जे दिसतं ते सांगतो, फूड ब्लॉगवाल्यांच्या याद्या तुम्ही वाचल्याच असतील.

पहिली गोष्ट म्हणजे दुकानाच्या नावात फार अडकू नका. तोनकात्सू हे वेळेचं काम आहे. ताट समोर आल्यापासून पहिली सात-आठ मिनिटं हे जगातलं एक नंबर खाणं असतं आणि पंधराव्या मिनिटाला तेच ताट साधं तळलेलं मांस होऊन बसतं, मग ते कितीही मोठ्या नावाच्या दुकानातलं असो. आमच्याकडे पाहुणे येतात, दीड तास रांगेत उभे राहतात, ताट आलं की आधी वरून फोटो, मग बाजूने, मग एक तुकडा चॉपस्टिकमध्ये धरून व्हिडिओ, मग तो व्हिडिओ घरच्यांना पाठवणं, आणि हे होईपर्यंत खालच्या बाजूचा पापुद्रा वाफेने मऊ पडलेला असतो. आम्ही आतून बघत असतो, बोलता तर येत नाही. एक फोटो काढा आणि सुरू करा. भुकेल्या पोटी चेन दुकानात पटकन खाल्लेलं तोनकात्सू हे नामांकित ठिकाणी रेंगाळत खाल्लेल्यापेक्षा चांगलं लागतं, हे मी अगदी जबाबदारीने सांगतोय.

आता आत काय चालतं ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की कसं खायचं ते आपोआप कळतं. रोसु म्हणजे पाठीचा भाग, त्याच्या एका कडेला चरबीची पट्टी असते. चरबी आणि मांसाच्या मधोमध एक चिवट पडदा असतो, त्याला सुरीच्या टोकाने जागोजागी छेद द्यावे लागतात, नाहीतर तेलात पडल्या पडल्या तो आखडतो आणि तुकडा वाटीसारखा वळतो. मग मीठ-मिरपूड अगदी बेताची, मैदा लावून झटकून टाकायचा, तो जितका पातळ तितका चांगला, जाड राहिला तर पापुद्रा मांसापासून सुटून येतो. मग अंडं, मग पॅन्को. हे पॅन्को म्हणजे आपल्याकडचे ब्रेडक्रम्ब्स नव्हेत. गोव्यात कटलेटला रवा किंवा बारीक चुरा लावतात, तो घट्ट बसतो आणि त्याची एकसारखी पातळ कवची होते. इथला चुरा मोठा, लांबट आणि टोकदार असतो आणि तो मुद्दाम दाबून बसवत नाहीत, तळताना तो उभा राहिला पाहिजे. चांगली दुकानं सुका पॅन्को वापरत नाहीत, ओलसर ताजा वापरतात, त्याला नामा पॅन्को म्हणतात. पॅन्कोसाठी एक खास पावही बनतो ज्याला कडाच नसतात, तो भट्टीत भाजत नाहीत तर पिठातून वीज सोडून शिजवतात, म्हणून पांढराशुभ्र राहतो आणि तळल्यावर डाग पडत नाहीत.

तेलात सोडल्यावर खरं काम कानाचं. सुरुवातीला मोठे बुडबुडे, आवाज जाड, चळचळाट. जसं आतलं पाणी कमी होतं तसे बुडबुडे बारीक होत जातात आणि आवाज हलका, चिरका होत जातो. लांब चॉपस्टिक तुकड्याला नुसती टेकवली तरी हाताला एक बारीक थरथर जाणवते, ती बदलली की काढायचं. घड्याळ असतंच, पण तुकडा जाडीला जरा इकडे तिकडे असतो, चरबी कमीजास्त असते, सकाळचं तेल आणि रात्रीचं तेल वेगळं वागतं, त्यामुळे घड्याळावर सगळा भार टाकून चालत नाही. साधारण 160 ते 170 अंशाला तळतात, काही दुकानं त्याहून बऱ्याच कमी तापमानाला हळूहळू तळतात, तिथला कात्सू फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो. तेलातून काढलं की लगेच कापत नाहीत, जाळीवर कडेवर उभं करून काही मिनिटं ठेवतात, तेवढ्यात आतली उष्णता मध्यापर्यंत पोचते. आमच्याकडे गर्दीच्या वेळी सगळ्यात अवघड काम कोणतं असेल तर हे थांबणं. म्हणून ऑर्डर दिल्यापासून ताट यायला पंधरा-वीस मिनिटं लागली तर वैतागू नका. जिथे बसल्या बसल्या पाच मिनिटांत येतं तिथे एकतर तुकडा पातळ आहे किंवा आधीच तळून ठेवलेला आहे.

आता रोसु की हिरे. पहिल्यांदा खात असाल तर रोसु, डोळे मिटून. हिरे म्हणजे आतला मऊ स्नायू, चरबी जवळपास नाही, एका डुकरातून फार थोडा निघतो म्हणून महाग. मऊ आहे, पण चव तळणाऱ्यावर अवलंबून, जरा जास्त झालं की कोरडा. तोनकात्सूची खरी मजा चरबीत आहे, ती अर्धवट वितळून गोडसर होते आणि पापुद्र्यात मुरते. आपल्याकडचे बरेच जण चरबी म्हटलं की तोंड वाकडं करतात आणि हिरे मागवतात, मग म्हणतात ठीक होतं, चिकनसारखं लागलं. अहो लागणारच. जोडीने जाताय तर एक रोसु एक हिरे मागवा आणि दोन-दोन तुकड्यांची अदलाबदल करा, वाद मिटला. मेनूवर कुठे रिब-रोसु दिसलं आणि खिसा परवानगी देत असेल तर ते घ्या, खांद्याच्या बाजूचा भाग, अजून रसाळ.

ग्रॅमचं गणित बघा. मेनूवर साधं, मग ‘जो’ म्हणजे वरचं, मग ‘तोकुजो’ म्हणजे खास, अशा पायऱ्या असतात. बऱ्याच दुकानांत मांस तेच असतं, तुकडा फक्त जाड होत जातो, आणि कुठे भागही वेगळा असतो. 120 ग्रॅम कमी वाटेल पण भात, सूप, कोबी धरून पोट भरतं. 150-160 ग्रॅमला तुकडा इतका जाड होतो की आत रस टिकतो, माझ्या मते तिथे सगळ्यात छान जमतं. 200 च्या वर पैज लागली असेल तरच जा, शेवटचे दोन तुकडे थंड होतात आणि जबरदस्तीने खाल्ले जातात.

आता हजार आणि चार हजारातला फरक. मात्सुनोया, कात्सुया या चेनमध्ये हजार येनच्या आतबाहेर पोटभर ताट मिळतं. मात्सुनोयात दाराशीच मशीनवर तिकीट काढायचं, इंग्रजीचं बटण असतं. तुकडा पातळ, पॅन्को साधा, पण गरमागरम आणि प्रामाणिक खाणं, त्याला नाकं मुरडायचं कारण नाही. दोन ते तीन हजारात जाड तुकडा, ताजा पॅन्को, चांगला भात, आणि मुख्य म्हणजे समोर उभा माणूस तळतोय, मशीन नाही. या उडीत पैसे शंभर टक्के वसूल. तीनच्या पुढे तुम्ही डुकराच्या जातीचे पैसे देता. कागोशिमाचं कुरोबुता म्हणजे बर्कशायर जातीचं काळं डुक्कर, ओकिनावाचं आगु, आणि टोकियो एक्स नावाची जात आहे, ती बर्कशायर, ड्युरॉक आणि पेकिंग ब्लॅक यांच्या संकरातून टोकियोच्या सरकारी संशोधन केंद्राने काढली. यांची चरबी खरंच वेगळी असते, पण तो फरक कळायला आधी साधं चांगलं तोनकात्सू चार ठिकाणी खाल्लेलं पाहिजे. आणि एक गंमत, मेनूवर सानगेनतोन असं ठसठशीत लिहिलेलं असतं आणि लोक ते भारी ब्रँड समजतात. ते ब्रँड नाही, तीन जातींच्या संकराचं डुक्कर एवढाच अर्थ, लँड्रेस, लार्ज व्हाइट आणि ड्युरॉक, आणि जपानातलं बहुतेक साधं पोर्क तेच असतं. त्यावर जास्तीचे पैसे टाकू नका.

गुलाबी दिसलं तर? मध्यात हलकासा गुलाबी रंग आणि दाबल्यावर पारदर्शक रस, हे बरोबर आहे, परत पाठवू नका, इथे ते मुद्दाम तसंच करतात. लाल, चकचकीत, ओलं दिसलं आणि लालसर पाणी सुटलं तर बिनधास्त दाखवा, कोणी रागावत नाही, आत नेऊन पुन्हा तेलात सोडतात. जपानात 2015 च्या जूनपासून कच्चं पोर्क खायला विकायला बंदी आहे आणि मध्यभाग किती अंशाला किती वेळ तापला पाहिजे ते ठरवून दिलंय, 63 अंशाला अर्धा तास किंवा त्याच्या तोडीचं. जाडजूड तुकडा कमी तापमानाला तळून मग विसावू देतात त्यामागे हेसुद्धा आहे. घरी ही हौस करू नका मात्र.

आता खायचं कसं. ताटात तुकडा सहा-सात फाकांमध्ये कापलेला येतो, खाली बहुतेक जाळी असते. सगळे जण सवयीने कडेची फाक उचलतात. तुम्ही मधली, सगळ्यात जाड फाक आधी उचला, तिचा रस सगळ्यात आधी पळतो. ती पहिली फाक नुसती खा, किंवा मांसाच्या कापलेल्या बाजूवर चिमूटभर मीठ. आजकाल बऱ्याच दुकानांत टेबलावर मीठ असतं, कधी दोन-तीन प्रकारचं. दुसरी फाक मोहरी लावून. ही कराशी, जपानी पिवळी मोहरी, दिसायला साधी पण नाकात जाते, म्हणून चरबीच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढी लावा, चरबी आणि मोहरी यांचं जमतं फार छान. लिंबू दिलं असेल तर पापुद्र्यावर पिळू नका, मांसावर. आणि जाळी नसेल तर फाका आडव्या पाडा, कापलेली बाजू वर येईल अशा, म्हणजे पापुद्रा ताटाला चिकटून वाफेत भिजत नाही. ही ट्रिक सगळ्यांना ठाऊक नसते, करून बघा.

सॉस तिसऱ्या-चौथ्या फाकेपासून. आणि सगळ्या ताटावर ओतायचा नाही, हात जोडून विनंती. आम्ही पॅन्को उभा राहावा म्हणून जीव टाकतो आणि समोरचा माणूस त्यावर अर्धी बाटली रिकामी करतो, बघवत नाही. छोट्या वाटीत घ्या, मांसाची बाजू टेकवा, खा. तोनकात्सू सॉस म्हणजे घट्ट, आंबटगोड, फळं-भाज्या-मसाल्यांचा, इंग्रजी वूस्टर सॉसचा जपानी वारस. बाजारात बुलडॉग कंपनीचा जास्त दिसतो, ती कंपनी 1902 ची, पण घट्ट तोनकात्सू सॉस म्हणून वेगळा काढून विकला तो कोबेच्या ऑलिव्हर कंपनीने 1948 मध्ये. क्योटोच्या बाजूला कात्सुकुरासारख्या ठिकाणी आधी छोटा खल आणि भाजलेले तीळ देतात, तुम्ही कुटायचे आणि त्यात सॉस घालायचा. पार भुकटी करू नका, अर्धे कुटा, वास जास्त येतो. 

कोबीला सजावट समजू नका. तेलकट चार घास झाले की कोबीचा एक घास, मग जीभ पुन्हा ताजी. केसासारखा बारीक चिरून गार पाण्यात टाकतात आणि पूर्ण निथळतात, म्हणून तो कुरकुरीत असतो. ही जोडी जुनी आहे. गिन्झामधलं रेंगातेई, 1895 चं दुकान, तिथे 1899 च्या सुमारास पोर्कचं कात्सुरेत्सु, म्हणजे कटलेट, सुरू झालं, आधी बटरवर परतायचे ते भरपूर तेलात तळायला लागले. त्याबरोबर शिजवलेल्या भाज्या द्यायचे, पण 1904 ला रशियाशी युद्ध सुरू झालं, आचारी सैन्यात गेले, माणसं कमी पडली म्हणून कच्चा कोबी चिरून देणं सुरू झालं असं सांगतात. जाड तुकडा, आधीच कापून, भात-सूपाबरोबर हे रूप नंतर आलं, 1920-30 च्या दरम्यान, उएनोच्या आसपास. पहिलं कोणाचं यावर दुकानांचं एकमत नाही आणि होणारही नाही. बहुतेक दुकानांत कोबी परत घेता येतो, बऱ्याच ठिकाणी भात आणि सूपही, फुकट. वाडगा पुढे करून ‘ओकावारी कुदासाइ’ म्हणायचं. सूपात निवड विचारली तर तोनजिरु म्हणजे पोर्क आणि कंदमुळं घातलेलं मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप, थंडीत तेच घ्या. शिजिमी म्हणजे बारीक शिंपल्यांचं, तेलकटावर हलकं, मला स्वतःला हेच आवडतं.

आता ठिकाणं. यादी देत नाही, तुमच्या दौऱ्यात बसतील तेवढीच सांगतो. टोकियोतल्या मेगुरोचं तोनकी, 1939 पासूनचं, हे खाण्याइतकंच बघण्यासाठी. दुपारी बंद असतं, संध्याकाळी चारला उघडतं. आत शिरताच रोसु की हिरे विचारतात, मग तुम्ही मागे भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसायचं, मधोमध उघडं स्वयंपाकघर, भोवती लाकडी काउंटर, कोण कधी आलं आणि काय मागितलं हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. इथला पापुद्रा वेगळा, कडक आणि पातळ, मांसापासून थोडा सुटणारा. काही जणांना तो आवडत नाही, मला विचाराल तर एकदा बघाच. उएनोला गेलात तर तिथे पोन्ता होनके 1905 चं, होराइया 1912 चं आणि इसेन 1930 चं, सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. होराइया हिरेसाठी प्रसिद्ध, बायकोला चरबी नको असेल तर तिकडे न्या. इसेनचं ब्रीदच आहे की आमचा कात्सू चॉपस्टिकने तुटतो, आणि खरंच तुटतो. कात्सू सँडविच तिथूनच आलं असं मानतात, उएनोच्या गेइशांना लिपस्टिक न बिघडवता खाता यावं म्हणून छोटे पाव, अशी गोष्ट सांगतात. ओमोतेसांदोच्या बाजूला असाल तर माइसेन, जुन्या सार्वजनिक स्नानगृहाच्या जागेत आहे, छत उंच आहे, कुटुंबासाठी सगळ्यात सोयीचं कारण जागा मोठी, मेनू इंग्रजीत, रांग पुढे सरकते. तुम्ही चौघं-पाचजण असाल तर मी डोळे झाकून माइसेन म्हणेन. कमी तापमानाचं पांढरं तोनकात्सू बघायचं असेल तर मिनामी-आसागायाचं नारिकुरा, पण तिथे आधी बुकिंग करून जायचं, असंच जाऊन उभं राहू नका. रेटिंग बघत असाल तर एवढं लक्षात ठेवा की जपानी लोक ताबेलॉग या रेस्टॉरंटच्या रेटिंग साइटवर हात आखडून मार्क देतात, तिथे 3.5 म्हणजे चांगलंच दुकान, 3.4 बघून नाक मुरडू नका.

वाटेत नागोयाला उतरणार असाल तर मिसो कात्सू. याबातोन 1947 पासून आहे, वरून काळपट लाल मिसोचा रस्सा ओततात, हाच्चो मिसो शेजारच्या ओकाझाकीचा. इथे माझा सॉसचा नियम गुंडाळून ठेवा, तो पदार्थच वेगळा आहे. तसंच कात्सुदोन, म्हणजे भातावर अंड्यात शिजवलेला कात्सू, आणि कात्सू करी, ही वेगळी घराणी, त्यांना तोनकात्सूच्या फुटपट्टीने मोजू नका. नोव्हेंबरात येताय म्हणजे ऑयस्टरचा सीझन सुरू झालेला असेल, बरीच तोनकात्सूची दुकानं काकी फुराइ, म्हणजे पॅन्को लावून तळलेले ऑयस्टर, लावतात. पण पहिल्याच खेपेला सगळं एकत्र असलेलं मिक्स ताट मागवू नका, घाण्यातून प्रत्येक वस्तू वेगळ्या वेळी निघते आणि कशाला ना कशाला थांबावं लागतं. वेगळा ऑयस्टर एक-दोन मागवता येतो का विचारा.

बायकोचा प्रश्न, तो लोकांना वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. तोनकात्सूच्या दुकानात बीफ नाही असं धरून चालू नका. रोसु-हिरे पोर्कच, पण मेंची कात्सू, म्हणजे खिम्याचा तळलेला गोळा, बहुतेक ठिकाणी बीफ आणि पोर्क मिसळून करतात. बटाट्याच्या कोरोक्केमध्ये, म्हणजे इथल्या कटलेटमध्येसुद्धा कधी खिमा असतो. करीच्या रश्श्यात बीफची चरबी किंवा अर्क असणं अगदी नेहमीचं. आणि तळणीचं माध्यम, बरीच दुकानं लार्ड म्हणजे डुकराची चरबी वापरतात, काही वनस्पती तेल, पण काही जण लार्डमध्ये बीफची चरबी मिसळतात, तिला हेत्तो म्हणतात. ओसाकाच्या कुशीकात्सूच्या, म्हणजे काडीला (कुशीला) टोचून तळलेल्या तुकड्यांच्या दुकानांत तर बीफची चरबी भरपूर चालते, कुशीवर भाजी असली तरी. तेव्हा ‘ग्यूनिकु हाइत्तेइमासु का’ हे विचारा, म्हणजे बीफ आहे का यात. तेलासाठी ‘आबुरा नि ग्यूशि हाइत्तेइमासु का’. फोनवर लिहून दाखवलं तरी चालतं, लोक नीट आत जाऊन विचारून येतात. आणि ग्यूकात्सू लिहिलेल्या पाट्या टोकियोत जागोजागी दिसतील, समोर छोटा गरम दगड ठेवतात तेच, ते सरळ बीफ आहे, आतून कच्चं, तिकडे फिरकायचंच नाही.

आता आई. स्पष्ट सांगतो, तोनकात्सूच्या दुकानात त्यांना नेऊ नका. भाजीचा कोरोक्के मिळेल, पण पापुद्र्यात अंडं, तेल तेच ज्यात दिवसभर पोर्क तळलंय, सूपात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, आणि वर पोर्क. उरतो भात, लोणचं आणि कोबी. त्या लोणच्यातही कधीकधी दाशी असतो. आम्हाला कोणी विचारलं की आम्ही कोबी आणि भात मनापासून देतो, पण शाकाहारी माणसाने त्या वासात तासभर बसायचं हे काही बरं नाही. शिवाय छोट्या दुकानांत माणशी एक ताट मागवायची अपेक्षा असते, तीन ताटं पाच माणसांत हे चालत नाही. त्यापेक्षा आईंची सोय आधी करा. टोकियो स्टेशनच्या आत, गेटच्या आतल्या बाजूला, टीज तानतान म्हणून पूर्ण व्हेगन रामेनचं दुकान आहे, अंडं-दूध-मासा काही नाही, फक्त कांदा-लसूण चालतो का ते विचारून घ्या. निशी-कासाइ भागात भारतीय वस्ती मोठी आहे, मराठी घरंही बरीच, तिथे शाकाहारी जेवण सहज मिळतं. दुपारी सगळ्यांनी तिकडे जेवा, आईंना संध्याकाळी हॉटेलवर सोडा, आणि तुम्ही दोघं तोनकीला जा. वेळही जुळते.

काही बारीकसारीक. दुपारी साडेअकराच्या आत किंवा दीडनंतर गेलात तर रांग कमी, पण बरीच दुकानं दोनला शेवटची ऑर्डर घेऊन पाचपर्यंत बंद करतात, साडेतीनला पोचून दार वाजवू नका. साप्ताहिक सुट्टी दुकानागणिक वेगळी, मंगळवार-बुधवारसुद्धा असते. दाराशी वही ठेवलेली दिसली तर त्यात नाव आणि माणसं लिहायची, लिहून गायब झालात आणि नाव पुकारलं की नंबर गेला. काउंटर मिळाला तर टेबलाची वाट बघू नका, ताट थेट हातात येतं. टिप ठेवू नका, मागे धावत येऊन परत देतील. रोख येन जवळ असू द्या, जुन्या छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. कोट-जॅकेटला तळणाचा वास लागतो, काही दुकानं पिशवी देतात, दिली तर घ्या.

उरलं तर पार्सल बांधून देतात का? खाल्लेल्या ताटातलं बहुतेक नाही देत, पण माइसेन आणि इसेनची कात्सू सँडविचं डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात आणि मोठ्या स्टेशनांवर मिळतात, ती मुळातच गार खायची आहेत. क्योटोच्या शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये बसताना दोन डबे घ्या. डबा त्याच दिवशी संपवायचा, मायक्रोवेव्ह करायचा नाही.